ज्युदो, बॉक्सिंग, वजनं : की एक ना धड भाराभर चिंध्या?

घोडबंदरी (धागाकर्ता)

चाळिशीला आलेल्या, नोकरी करणाऱ्या आणि स्पर्धेत उतरायचा काडीचाही विचार नसलेल्या माणसाने एकच युद्धकला धरून बसू नये. दोन-तीन शिकाव्यात आणि जोडीला वजनं उचलावीत. व्यायामाच्या एका जुन्या धाग्यावर मी हे लिहिलं तर 'एक ना धड भाराभर चिंध्या' असा शेरा आला. तिथे विषयांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

माझा आठवडा सांगतो. घर कासारवडवलीला, ऑफिस महापेला. ऑफिस सुटल्यावर कोपरखैरण्याला बॉक्सिंग, शनिवारी ठाण्यात ज्युदो, रविवारी सकाळी जमलं तर ब्राझिलियन जिउजित्सु (जमिनीवरची धरपकड) आणि मधल्या दोन दिवशी सोसायटीच्या जिममध्ये वजनं. वजनं म्हणजे स्क्वॉट, डेडलिफ्ट, डोक्यावर प्रेस, पुलअप. दंडाच्या बेटकुळ्यांचे लाड नाहीत.

एकाच प्रकारात शरीराचे ठरावीक भाग झिजतात. ज्युदोत पकड धरून धरून बोटांचे सांधे जातात, बॉक्सिंगमध्ये मनगट आणि मुठीची हाडं. प्रकार बदलला की बोटांना सुट्टी मिळते, माणसाला मिळत नाही.

दुसरं, प्रत्येक खेळाचे नियम आपल्याला काही गोष्टींकडे दुर्लक्ष करायला शिकवतात. बॉक्सरला समोरच्याने मिठी मारली की पंच येऊन सोडवतो, त्यामुळे मिठीनंतर काय हा विचारच तो करत नाही. ज्युदोवाला दोन्ही हातांनी समोरच्याची कॉलर-बाही धरून तोंड उघडं टाकून उभा असतो, ठोसा येईल हे त्याच्या ध्यानीमनीही नसतं. दोन्हीकडे जाणाऱ्याला आपली भोकं कळतात.

आणि सरमिसळीला नाकं मुरडणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की ज्युदोच सरमिसळीतून आला. ज्युदोचे जनक जिगोरो कानो १८७७ ला जुजुत्सु या जुन्या जपानी युद्धकलेच्या तेन्जिन शिन्यो-र्यू या परंपरेत शिकू लागले, १८८१ ला कितो-र्यू या दुसऱ्या परंपरेकडे गेले आणि १८८२ ला त्यांनी कोदोकान ही ज्युदोची शाळा काढली. जमिनीवरचं बरंचसं पहिलीकडून आलं, फेकी दुसरीकडून.

बोला आता.

ऐरोलीचा पैलवान

कानोसाहेबांचं उदाहरण तुमच्याच अंगावर येतंय राव. तुम्हीच लिहिलंय, १८७७ ते १८८१. म्हणजे चार वर्षं एका ठिकाणी घासल्यावर माणूस दुसरीकडे गेला. बुधवारी इकडं आणि शनिवारी तिकडं असं केलं नाही त्यांनी.

मी सातारा जिल्ह्यातला, लहानपण तालमीत गेलं, आता ऐरोलीत नोकरी. मातीतली कुस्ती पाठीवर संपते. पाठ टेकली, चितपट झाला, विषय संपला. म्हणून आमच्या पोराला खाली घातला की तो विचार न करता पोटावर वळतो, कोपरं अंगाशी घेतो, मान आत ओढतो. वरच्यानं घिस्सा लावो, मोळी बांधो नाहीतर आणखी कुठला डाव टाको, पाठ मातीला लागू द्यायची नाही. वस्तादांनी ते अंगात भिनवलेलं असतं. आता तुमच्या जिउजित्सुत बघा. तिथं माणूस आपणहून पाठीवर पडतो आणि पायांत समोरच्याला धरतो. आणि पोटावर वळलेला माणूस म्हणजे त्यांना आयतं ताट, पाठीवर चढायचं आणि गळ्याखालून हात घालायचा. एकाच अंगात या दोन सवयी कशा नांदणार? वेळ येते तेव्हा विचार करायला अर्धा सेकंद पण नसतो. ज्याच्या अंगात दोन उत्तरं आहेत तो अडकतो.

आणि लोखंडाचं म्हणाल तर जोर, बैठका, सपाट्या मारा. अंग मोकळं राहतं. लोखंडानं आखडतं.

जडवजन

पैलवान, आखडण्याबद्दल तीव्र असहमत. पूर्ण खाली जाऊन केलेल्या स्क्वॉटने कुणी आखडत नाही, अर्धवट केलेल्या बेंच प्रेसने आणि दिवसभर खुर्चीत बसून आखडतात. तालमीत मुद्गल, करेल, गदा होत्याच की. ते काय कापसाचे होते? आणि बैठका शंभराच्या पुढे गेल्या की ताकद वाढायची थांबते, दम वाढतो. चांगलीच गोष्ट आहे, पण वेगळी.

पण माझा खरा वाद घोडबंदरींशी आहे. ताकद आणि दम दोन्ही एकदम वाढवायला गेलं की ताकद मार खाते, हे रॉबर्ट हिक्सन या संशोधकाने १९८० मध्येच दाखवलंय. एक गट फक्त वजनं, एक गट फक्त दमाचा व्यायाम, तिसरा दोन्ही. दहा आठवडे. सातव्या आठवड्यापर्यंत 'दोन्ही'वाले वजनवाल्यांच्या बरोबरीने चालले, मग अडकले आणि शेवटी शेवटी त्यांची ताकद खाली आली. तुम्ही आठवड्यातून तीनदा घाम गाळता आणि उरलेल्या ताकदीत डेडलिफ्ट करता. सहा महिन्यांनी वजनाचे आकडे तिथेच असतील, लिहून ठेवा.

घोडबंदरी

@जडवजन, त्याच प्रयोगातलं पुढचं लिहा की. वजनं आठवड्यातून पाच दिवस आणि दमाचं सहा दिवस! 'दोन्ही' गटाने ते सगळं एकत्र केलं. एवढं केल्यावर कुणीही अडकेल. माझी वजनं दोन दिवस आहेत.

शिवाय मला ताकद अमर्याद वाढवायची नाही, टिकवायची आणि हळूहळू सरकवायची आहे. टिकवायला फार कमी लागतं. २०११ मध्ये आलेल्या एका अभ्यासात लोकांनी सोळा आठवडे रीतसर वजनं उचलली, मग काहींनी त्याच्या फक्त एक नवमांश व्यायाम चालू ठेवला. विशी-पस्तिशीतल्यांची ताकद आणि स्नायू बत्तीस आठवडे टिकून राहिले.

@पैलवान, कानोंचे पहिले गुरू फुकुदा १८७९ ला वारले. त्याच परंपरेतले दुसरे गुरू इसो १८८१ ला वारले. म्हणून कानो कितो-र्यूकडे गेले. चार वर्षांची तपश्चर्या पुरी करून नव्हे, गुरूच राहिले नाहीत म्हणून.

जडवजन

विशी-पस्तिशीतल्यांची. धाग्याच्या पहिल्या ओळीत काय लिहिलंय? चाळिशी. त्याच अभ्यासातल्या साठीच्या पुढच्यांचे स्नायू तेवढ्या व्यायामावर टिकले नाहीत. तुम्ही दोघांच्या मध्ये लटकलेले आहात. दोन दिवस ठेवा, पण त्यातलं काही कापू नका, एवढंच म्हणणं आहे. आणि खाणं? शरीराच्या वजनाच्या किलोमागे १.६ ग्रॅम प्रथिनं पोळी-भाजी-वरणातून होत नाहीत.

खारघरचा बाबा

आमच्याकडे मुलगी कराटे, मल्लखांब आणि स्केटिंग तिन्ही करते. धमाल चालू आहे. वाचतोय.

कळव्याची सेन्सेई

मी कराटे शिकवते, तेव्हा पक्षपाती आहे असं धरूनच वाचा.

दोन वर्गांत जाणारा विद्यार्थी मला लांबून ओळखू येतो. कराटेत एक हात ठोसा मारतो तेव्हा दुसरा कमरेशी ओढून घेतो, आम्ही त्याला हिकिते म्हणतो. समोरच्याचा हात पकडून आपल्याकडे खेचायचा, हा त्यामागचा अर्थ मी शिकवते. बॉक्सिंगचा प्रशिक्षक त्याच मुलाला सांगतो, मोकळा हात गालाला लावून ठेव. दोघंही आपापल्या जागी बरोबर. पण मुलगा माझ्याकडे येतो तेव्हा हात गाल आणि कंबर यांच्या मध्ये छातीपाशी कुठेतरी तरंगत असतो. त्याला धड खेचता येत नाही आणि चेहराही झाकत नाही. मी ते सुधारते, पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. बाकीची पंधरा मुलं बघत बसतात.

हे शिकवणाऱ्याच्या बाजूने कुणी बोलत नाही म्हणून लिहिलं. तुम्ही फी भरता, मान्य, पण शिकवणाऱ्याकडेही मोजकेच तास असतात. पहिल्या प्रकारात निदान शरीराला विचारावं लागणार नाही इतपत मुरा, मग खुशाल दुसरीकडे जा. मीच पत्ता देईन.

घोडबंदरी

सेन्सेई, हा मुद्दा मला लागला. पण 'मुरणं' कधी पुरं होतं? ब्राझिलियन जिउजित्सुचा काळा पट्टा मिळायला दहा-दहा वर्षं जातात. तोवर थांबलो तर पन्नाशी उलटेल.

आणि मुरलेल्यांचंही बघा. ज्युदोत पायाला थेट हात लावण्यावर २०१० पासून बंधनं आली, २०१३ ला ते पूर्ण बंद झालं. त्यानंतर शिकलेल्या उत्तम ज्युदोवाल्यालाही पट (पाय धरून पाडायचा डाव) येताना दिसत नाही. ताठ उभा असतो. पैलवान, तुमच्या तालमीतला पंधरा वर्षांचा पोरगा त्याची मांडी उचलून घेईल. हे मुरण्याने सुटत नाही, दुसऱ्या मातीत गेल्यानेच सुटतं. खाशाबा जाधवांचंच घ्या. मातीतला माणूस, १९४८ ला लंडनला मॅटवर सहावा आला, १९५२ ला हेलसिंकीत त्याच मॅटवर कांस्य घेऊन आला. नुसती मातीच उगाळली असती तर?

ऐरोलीचा पैलवान

खाशाबांचं नाव घेतलंत म्हणून हात जोडून सांगतो, त्यांनी कुस्तीच केली. माती सोडून मॅटवर गेले, कुस्ती सोडून बॉक्सिंगला नाही गेले. तेही आधी मातीत तयार झाल्यावर. सेन्सेईताई म्हणतात तेच मी म्हणतोय.

पटाचं मात्र खरं आहे :) गेल्या वर्षी नेरूळला एका ज्युदोवाल्या मित्राबरोबर गंमत म्हणून धरली. पहिल्याच झटक्याला पट काढला. पण दुसऱ्या वेळी त्यानं माझा शर्ट धरला आणि मी कुठून कसा उडालो मला कळलंच नाही. मातीत कपड्याला हात नसतो, लंगोटावरची कुस्ती. तेव्हा हिशोब बरोबर.

उपवनकर

म्हणजे पैलवान, तुम्ही पण दोन ठिकाणी खेळलात की! हलके घ्या.

ऐरोलीचा पैलवान

एक दुपार खेळलो. त्याला शिकणं म्हणत नाहीत.

सांधेवाली

फिजिओथेरपिस्ट आहे, नौपाड्यात. तुमचा वाद रंगलाय, पण माझ्याकडे येणाऱ्या चाळिशीच्या पुरुषांचे गुडघे आणि माना दोन कला मिसळल्याने बिघडलेल्या नसतात. प्रत्येक ठिकाणचा प्रशिक्षक आपल्यापुरतं बघतो आणि एकूण भार कुणीच मोजत नाही, त्याने बिघडतात. बॉक्सिंगवाल्याला माहीत नसतं की काल याने जड डेडलिफ्ट केलेत. ज्युदोवाल्याला माहीत नसतं की परवा याच्या डोक्यावर ठोसे बसलेत.

मोजायला यंत्र लागत नाही. सत्र संपल्यावर अर्ध्या तासाने स्वतःला विचारा, दहापैकी किती जड गेलं? त्याला मिनिटांनी गुणा. नव्वद मिनिटं ज्युदो, सात जड, म्हणजे ६३०. साठ मिनिटं वजनं, पाच जड, ३००. आठवड्याची बेरीज वहीत लिहा. ती एकदम उसळली, म्हणजे समजा सुट्टी मिळाली म्हणून पाचही दिवस गेलात, तर पुढच्या आठवड्यात माझी भेट होते. @घोडबंदरी, 'बोटांना सुट्टी मिळते, माणसाला मिळत नाही' हे तुम्ही गमतीत लिहिलंत, पण तुमच्या सगळ्या वेळापत्रकाला माझा आक्षेप त्याच वाक्याला आहे. त्यात ठरवून ठेवलेला रिकामा दिवस मला शोधून सापडला नाही.

आणि डोक्याला जोराचा मार बसल्यावर डोकं दुखलं, मळमळलं, प्रकाश सहन झाला नाही, तर आधी डॉक्टर. 'हलकंच खेळतो' म्हणून दुसऱ्या दिवशी गादीवर उतरायचं नाही. कुठल्याच प्रकारात.

घोडबंदरी

वही आजपासून. रविवारचं 'जमलं तर' आता 'नाही जमलं' करतो. मूळ मत कायम आहे.

जुलैचा गी

कुणी पावसाळ्याबद्दल बोलणार आहे का? गी, म्हणजे ज्युदो-जिउजित्सुचा जाड सुती पोशाख, बाल्कनीत दोन-दोन दिवस वाळत नाही. खाडीवरून दमट वारा येतो, सकाळी हात लावला तर बाही गारच. तसाच ओलसर घालून गेलो आणि मांडीवर गजकर्ण. मग कळलं की आमच्या वर्गातल्या निम्म्या लोकांना आहे.

सांधेवाली

कातडीच्या डॉक्टरकडे जा. मेडिकलमधून स्टेरॉइड मिसळलेलं मलम आणून लावू नका. खाज लगेच थांबते म्हणून बरं वाटतं, बुरशी मात्र आत पसरत राहते आणि पुढे औषधांनाही दाद देत नाही. पूर्ण बरं होईपर्यंत कुणाच्या अंगाला अंग लावायचं नाही.

जडवजन

आणि दुसरा पोशाख घ्या. वजनांना हा त्रास नाही, हे जाता जाता नोंदवतो.

तळ्याकाठची

इतकं वाचून मी उलट गोंधळले. वय चौतीस, पाचपाखाडीत राहते, आयुष्यात चालण्यापलीकडे काही केलेलं नाही. दोन कला नकोत, एकच सांगा. कुठून सुरू करू?

ऐरोलीचा पैलवान

ताई, मी कुस्ती म्हणणार हे उघड आहे, पण तुमच्यासाठी ज्युदो. पहिल्यांदा पडायला शिकवतात. पावसात जिन्यावर पाय घसरला तरी कामाला येतं.

घोडबंदरी

पैलवानांनी ज्युदो सुचवला, धागा सार्थकी लागला.

ऐरोलीचा पैलवान

एकच सुचवला. तीन नाही. हे माझं शेवटचं पोस्ट.

कळव्याची सेन्सेई

ज्युदोला माझंही अनुमोदन. पण कलेपेक्षा वर्ग बघून निवडा. फी भरायच्या आधी एक तास नुसतं बाकावर बसून पाहा. बायका आहेत का, किती महिन्यांपासून येतात, एखादीला हळूच विचारलं तर काय सांगते. पडायला किती दिवस शिकवतात ते विचारा. नवीन माणसाला पहिल्याच दिवशी लढायला उतरवत असतील तर चपला घालून निघा. वजनं दोन महिन्यांनी, गुडघ्यांना सवय झाल्यावर.

जडवजन

वजनं पहिल्या दिवसापासून. हलकी. गुडघ्यांना सवय त्यानेच होते.

तळ्याकाठची

सुरू झालं पुन्हा! शनिवारी बघायला जाते. बघायलाच जायचं तर काही तयारी लागते का?

कळव्याची सेन्सेई

गादीवर बोलावलंच तर अडचण नको, म्हणून नखं कापून जा.