स्क्रॅबल: हाती ‘क्यू’ आहे आणि ‘यू’ नाही, तर शब्द कसा शोधावा?

प्रश्न (रविवारचा_पट)

माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले. इंग्रजी वाचन बऱ्यापैकी आहे, पण दर रविवारी नववीतल्या भाचीबरोबर स्क्रॅबल, म्हणजे अक्षरांच्या टाइल्स पटावर लावून इंग्रजी शब्द जुळवण्याचा खेळ, खेळायला बसले की माझी अडचण होते. मला शब्द येत नाहीत असे नाही. हातातल्या अक्षरांत ते मला दिसत नाहीत. परवा माझ्या रॅकवर, म्हणजे टाइल्स ठेवायच्या पट्टीवर, क्यू, एन, ए, एफ, टी, आय, आर अशी सात अक्षरे आली. यू मिळेल या आशेने मी क्यू शेवटपर्यंत धरून ठेवला, तेवढ्यात भाचीने आपल्या सगळ्या टाइल्स संपवल्या आणि नियमाप्रमाणे हातात उरलेल्या क्यूचे 10 गुण माझ्या खात्यातून वजा होऊन तेवढेच तिच्या खात्यात जमा झाले. एका अक्षरापायी 20 गुणांचा फरक पडला आणि डाव मी 14 गुणांनी हरले.

शब्दकोश पहिल्या अक्षरावरून लावलेला असतो, त्यामुळे अमुक अक्षर पोटात असलेला शब्द त्यात शोधता येत नाही. संकेतस्थळावर अक्षरे टाकली की उत्तर मिळते, हे मला ठाऊक आहे. परंतु डाव चालू असताना तसे करणे मला पटत नाही. स्वतःच्या डोक्याने असे शब्द शोधण्याची काही रीत आहे का?

प्रतिसाद 1 (शब्दपाखरू)

तुमच्या रॅकवर ‘फकीर’ होता. एफ-ए-क्यू-आय-आर हे त्याचे मान्य स्पेलिंग आहे. तो तुम्हाला दिसला नाही याचे कारण, माझ्या मते, आपली देवनागरीची सवय हे आहे. आपण शब्द कानाने शोधतो. ‘क’ ऐकू आला की मनात के किंवा सी उमटतो, आणि क्यू मात्र ‘क्वीन’, ‘क्विक’ अशा ‘क्व’च्या उच्चारापुरताच राहतो. स्क्रॅबलमध्ये कान बाजूला ठेवून डोळ्याने पाहावे लागते.

गंमत अशी की यूशिवायच्या क्यूचे पुष्कळ शब्द आपल्या रोजच्या ओळखीचे आहेत. अरबीतला ‘क़ाफ’ रोमन लिपीत क्यूने लिहिण्याची पद्धत आहे आणि तेच अरबी शब्द फारसीच्या वाटेने मराठीतही आले. त्यामुळे तलाक (टी-ए-एल-ए-क्यू), बुरखा (बी-यू-आर-क्यू-ए, यात यू आहे, पण क्यूच्या आधी), काझी (क्यू-ए-डी-आय), नकाब (एन-आय-क्यू-ए-बी) आणि कव्वाली (क्यू-ए-डब्ल्यू-डब्ल्यू-ए-एल-आय) हे शब्द आपल्याला पाठ करावे लागत नाहीत, फक्त त्यांचे स्पेलिंग डोळ्यांखालून घालावे लागते. यांच्या जोडीला क्यू-आय, म्हणजे चिनी विचारातली प्राणशक्ती, आणि क्यू-ए-टी, म्हणजे येमेनमध्ये चघळतात ती पाने, हे दोन छोटे शब्द लक्षात ठेवा. दोन्ही तुमच्या त्या रॅकवर होते.

प्रतिसाद 2 (उभा_आडवा)

वरच्या प्रतिसादाशी मी सहमत आहे, पण तो एकाच अक्षरापुरता झाला. कोणत्याही अक्षरसंचासाठी स्पर्धक जी रीत वापरतात ती अशी, की शब्दातली अक्षरे ए ते झेड या क्रमाने मांडायची आणि त्या मांडणीलाच शब्दाचे खरे नाव समजायचे. ‘मास्टर’ची अक्षरे क्रमाने लावली की ए-ई-एम-आर-एस-टी होतात, ‘स्ट्रीम’ची लावली तरी तीच होतात. कार्डाच्या एका बाजूला ही सहा अक्षरे लिहा आणि मागे दोन्ही शब्द लिहा. रोज अशी दहा कार्डे पुढून पाहून मागचे शब्द आठवायचे. डावात टाइल्स हाती आल्या की त्या आधी याच क्रमाने लावायच्या, म्हणजे ओळखीचा संच लगेच नजरेत भरतो. शब्दकोशाची जी अडचण तुम्ही सांगितलीत, ती इथे उरत नाही, कारण पहिले अक्षर कोणते हा प्रश्नच निघून जातो.

सुरुवात एस, ए, टी, आय, एन, ई या सहा अक्षरांपासून करा. त्यांत डी मिळवला की ‘इन्स्टेड’, जी मिळवला की ‘सीटिंग’, एम मिळवला की ‘इन्मेट्स’, व्ही मिळवला की ‘नेटिव्ह्ज’, आणि झेड मिळवला तर ‘झेनिएस्ट’ तयार होतो. सातही टाइल्स एकदम लावल्या की 50 गुण जास्तीचे मिळतात, म्हणून या सहा अक्षरांना एवढे मोल आहे. ती हाती येण्याची शक्यताही चांगली असते. अमेरिकी वास्तुविशारद आल्फ्रेड बट्स यांनी 1930च्या दशकात हा खेळ रचताना वर्तमानपत्रांच्या पानांवरची अक्षरे मोजून टाइल्सची संख्या ठरवली. म्हणून 100 टाइल्समध्ये ई 12 आहेत, ए आणि आय प्रत्येकी 9 आहेत, आणि क्यू एकच आहे.

प्रतिसाद 3 (कोपऱ्यातला_वाचक)

सात अक्षरी शब्दांच्या मागे एवढ्यात लागू नका, असे मी आग्रहाने सांगेन. घरगुती डाव दोन अक्षरी शब्दांवर जिंकले जातात. कॉलिन्स शब्दकोशाच्या मान्य शब्दांच्या यादीत ते सुमारे सव्वाशे आहेत आणि महिनाभरात पाठ होतात. समजा, पटावर एक आय आहे आणि त्याच्या बरोबर वरचे घर तिप्पट अक्षरगुणांचे आहे. तिथे क्यू ठेवा आणि उजवीकडे स्वतःचा आय लावा. आडवा क्यू-आय 31 गुणांचा आणि उभा क्यू-आयही 31 गुणांचा, म्हणजे दोन टाइल्सचे 62 गुण होतात.

मात्र कोणती यादी मानायची हे डावाआधी ठरवा. भारतातल्या स्पर्धा कॉलिन्सच्या यादीवर खेळल्या जातात आणि उत्तर अमेरिकेत वेगळी यादी चालते. वर दिलेले तलाक आणि कव्वाली हे शब्द कॉलिन्समध्ये आहेत, त्या दुसऱ्या यादीत नाहीत. भाची मोबाइलवर भलतीच यादी उघडून तुमचा शब्द खोडून काढेल आणि रविवार वादात जाईल.

संकेतस्थळाबद्दल सांगायचे तर डाव संपल्यावर त्याचा वापर जरूर करावा. प्रत्येक वेळची सात अक्षरे वहीत टिपून ठेवा आणि काय हुकले ते नंतर पाहा. माझी वाढ पाठांतरापेक्षा या वहीने जास्त झाली.

प्रश्नकर्तीचे उत्तर (रविवारचा_पट)

सर्वांची मनापासून आभारी आहे. परवाची अक्षरे आज क्रमाने लावून पाहिली आणि फकीर तर दिसलाच, शिवाय टी-आर-ए-एन-क्यू हाही एक शब्द निघाला. तो कॉलिन्समध्ये आहे, हे पडताळून पाहिले. माझ्या पहिल्या कार्डावर ए-एफ-आय-एन-क्यू-आर-टी लिहिले आहे. कॉलिन्सची यादी मानायला भाचीही तयार झाली आहे.