नवी चेन टाकल्यापासून यवतेश्वर घाटात चेन उडते, कारण काय असावं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मी साताऱ्यात राहते. माझी रोड बाईक सेकंडहँड आहे, पुण्यातून घेतलेली. गिअर शिमानो सोरा, मागे ९ गिअर, कॅसेट (मागच्या दातेरी चक्र्यांचा संच) ११ ते २८ दात्यांची, पुढच्या दोन चक्र्या (चेनरिंग) ५० आणि ३४ दात्यांच्या, रिम ब्रेक. माझ्याकडे येण्याआधी ती किती किलोमीटर चालली होती ते कळायला मार्ग नाही.

पावसाळ्यानंतर सर्व्हिसिंगला दिली तेव्हा चेन झिजली आहे असं सांगून दुकानात नवी टाकून दिली. तोवर गिअर व्यवस्थित चालत होते. नवी चेन आल्यापासून मात्र चढावर जोर लावला की ‘खट्’ असा आवाज होतो, पेडल क्षणभर मोकळं सुटतं आणि चेन एक-दोन दाते पुढे उडी मारते. सपाटीला काही नाही. वाढे फाट्याकडे किंवा कोरेगाव रस्त्याला कितीही जोरात चालवली तरी तक्रार नाही. समर्थ मंदिर मागे टाकून यवतेश्वरचा घाट लागला की सुरू.

परवा एका वळणावर सीटवरून उठून जोर देत होते. पेडल सुटलं, गुडघा हँडलवर आपटला आणि सायकल रस्त्याच्या मधोमध ओढली गेली. मागून कासला जाणारी गाडी येत होती. ड्रायव्हरने वेळेत ब्रेक मारला म्हणून ठीक. तेव्हापासून घाटात उभं राहायचा धीर होत नाही, आणि बसूनच चढायचं म्हटलं तर २८चा गिअर माझ्या पायांना जड जातो.

दुकानात परत नेली. त्यांनी स्टँडला लावून गिअर ट्यून केले. स्टँडवर सगळं सुरळीत, घाटात पुन्हा तेच. दुसऱ्या एका मेकॅनिकचं म्हणणं पडलं की चेनरिंग, कॅसेट, डिरेलर (चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणारा भाग) सगळंच बदला. खर्च करायला माझी ना नाही, पण नेमकं काय बिघडलंय ते समजून घेतल्याशिवाय एकेक भाग बदलत बसणं मला पटत नाही.

थोडी घाई आहे. थंडीत आम्हा तिघी मैत्रिणींना सातारा, पाचवड, वाई, पसरणी घाटाने पाचगणी, महाबळेश्वर आणि केळघर घाटाने मेढ्यावरून परत, अशी फेरी एका दिवसात करायची आहे. १२० किलोमीटरच्या आसपास जाईल. पसरणी घाटात एसटी आणि पर्यटकांच्या गाड्यांच्या मधे पेडल असं सुटायला लागलं तर जाण्यात अर्थ नाही. कुणाला असा अनुभव आला आहे का? आणि एवीतेवी कॅसेट बदलावी लागणारच असेल तर चढासाठी मोठी घ्यावी का?

प्रतिसाद (कराड)

ताई, पाकीट उघडायच्या आधी तीन गोष्टी बघून सांगा.

पहिली, चेन मागच्या कुठल्या चक्रीवर उडते? सगळ्या चक्र्यांवर की ठरावीकच? ११-२८ मध्ये ११, १२, १३, १४, १६, १८, २१, २४, २८ अशा चक्र्या असतात. प्रत्येकीवर थोडा वेळ चढ चढून बघा.

दुसरी, खट् ठरावीक अंतराने येतं की कधीही? तुमच्या चेनला साधारण १०८ लिंक असतील. पुढे ३४वर असताना पेडलच्या एका फेरीत ३४ लिंक सरकतात, म्हणजे पूर्ण चेन फिरून यायला तीनपेक्षा थोड्या जास्त फेऱ्या लागतात. दर सव्वातीन फेऱ्यांनी घड्याळ लावल्यासारखं खट् येत असेल तर एखादी लिंक आखडलेली आहे. नवी चेन जोडताना पिन नीट बसली नाही की असं होतं. पेडल हळूहळू उलटं फिरवून डिरेलरच्या दोन छोट्या चाकांपाशी नजर ठेवा, आखडलेली लिंक तिथून जाताना उचकते. तेवढंच असेल तर लिंक हाताने आडवी वाकवून मोकळी होते, खर्च शून्य.

तिसरी, जुनी चेन अजून आहे का? असेल तर टाकू नका.

प्रतिसाद (सांगली)

वर कराडच्या दादांनी म्हटलंय ते बघाच, पण हँगर (डिरेलर फ्रेमला ज्यावर टांगलेला असतो तो तुकडा) आणि फ्रीहब (मागच्या चाकाचा, कॅसेट बसते तो भाग) हेही सोडू नका.

आमच्याकडे ऊसतोड सुरू झाली की ट्रॉल्यांतून पडलेलं पाचट रस्ताभर असतं. गेल्या हंगामात तासगाव रस्त्याला एक लांब पात चेनबरोबर आत ओढली गेली, डिरेलर मागे खेचला आणि हँगर वाकला. लांबून बघितलं तर काही कळत नव्हतं. सायकलच्या बरोबर मागे उकिडवं बसून बघितल्यावर दिसलं की वरचं छोटं चाक आणि खालचं छोटं चाक एका रेषेत नाहीत, खालचं स्पोककडे गेलंय. हँगर वाकला असेल तर गिअर आपोआप बदलतात, मोठ्या चक्र्यांवर करकर जास्त होते आणि कितीही ट्यून केलं तरी एका टोकाला जुळवलं की दुसरं टोक बिघडतं.

फ्रीहबच्या आतले कुत्ते (खटके) झिजले किंवा चिकट झाले तरी पेडल असंच मोकळं सुटतं. पण तेव्हा चेन दात्यावरच राहते, आतल्या आत घसरतं, आणि ते कुठल्याही गिअरमध्ये होतं. तुम्ही चेन उडते म्हणताय म्हणून फ्रीहबची शक्यता मला कमी वाटते. तरी खात्री करा. घाटात पुन्हा जोर लावून प्रयोग करू नका. एखाद्या रिकाम्या चढाच्या गल्लीत, सीटवर बसून, हळू वेगात करा.

धागाकर्ती

खूप आभार. सगळं तपासलं.

हँगर सरळ आहे, दोन्ही छोटी चाकं एका रेषेत दिसतात. आखडलेली लिंक नाही. खट् अनियमित येतं, कधी लागोपाठ दोनदा, कधी बराच वेळ नाही. आणि ते फक्त १८ आणि २१वर! २४वर क्वचित, २८वर अजिबात नाही. घाटाच्या सुरुवातीला मी याच दोन चक्र्यांवर असते, त्यामुळे तिथेच त्रास का होतो ते आता लक्षात आलं.

जुनी चेन दुकानातून मागून घेतली होती. ती खिळ्याला टांगून स्टीलच्या टेपने मोजली. टेपच्या टोकाची पट्टी थोडी हलते म्हणून १ इंचाच्या खुणेपासून १३पर्यंत मोजलं. नव्या चेनची पिन बरोबर खुणेवर येते. जुनीची पिन खुणेच्या पुढे जवळजवळ इंचाचा आठवा भाग गेली आहे.

१८च्या चक्रीचे दाते जवळून बघितले. ते एका बाजूला वाघनखासारखे वळलेले वाटतात. काही दाते मात्र मुळातच आखूड दिसतात, तीही झीजच का?

प्रतिसाद (कराड)

आखूड दात्यांवर जाऊ नका. चेन एका चक्रीवरून दुसरीवर सहज चढावी म्हणून कंपनीच काही दाते आखूड आणि तिरके करते. नुसत्या नजरेने कॅसेट झिजली की नाही हे ठरवणं म्हणूनच अवघड असतं. तुमचं मोजमाप जास्त बोलकं आहे. १२ इंचांत आठवा भाग म्हणजे १ टक्का. ९ आणि १० गिअरच्या चेनला ०.७५ टक्क्याला, ११ गिअरच्या चेनला ०.५ टक्क्याला निरोप द्यावा असं धरतात.

आता शेवटचा पुरावा. क्विक लिंक (चेन सहज उघडता-जोडता येते ती कडी) असेल तर जुनी चेन परत चढवा आणि त्याच चढावर १८वर जोर लावा. उडाली नाही तर प्रश्न मिटला.

यामागचं कारण असं. चेनमध्ये एका पिनपासून दुसऱ्या पिनपर्यंतचं अंतर १२.७ मिलिमीटर असतं. पिना आणि त्यांच्याभोवतीचा भाग झिजला की हे अंतर वाढत जातं. वाढलेल्या अंतराची चेन दात्यांवर थोडी वर बसते आणि दात्यांनाही स्वतःच्या मापाप्रमाणे घासून घेते. दोघांची झीज एकमेकांना जुळलेली असते म्हणून जुनी चेन गप्प चालते. त्यावर बरोबर १२.७ची नवी चेन आली की सगळ्या दात्यांवर भार वाटला जात नाही, एक-दोन दात्यांवरच येतो, आणि वळलेल्या दात्यावरून रोलर वर सरकून निसटतो. पुण्यातल्या सपाटीवर आधीच्या मालकांनी मधल्या चक्र्याच जास्त वापरल्या असणार. २८ त्यांना फारशी लागलीच नसेल, म्हणून ती अजून शाबूत आहे.

सपाटीला का होत नाही? ३४च्या चेनरिंगची त्रिज्या ६९ मिलिमीटरच्या जवळपास, क्रँक (पेडलचा दांडा) १७० मिलिमीटरचा. ६० किलो वजनाची व्यक्ती पेडल आडवं असताना पूर्ण वजनाने उभी राहिली तर चेनवर साधारण १५० किलोचा ओढा येतो. तेच ५०वर असताना १०० किलो. सपाटीला तुम्ही ५०वर, बसून, त्याहून किती तरी कमी जोराने चालवता. स्टँडवर तर भारच नसतो, म्हणून दुकानात काही सापडलं नाही. त्यात त्यांचाही फार दोष नाही.

धागाकर्ती

जुनी चेन चढवली. यवतेश्वरच्या त्याच वळणावर उभं राहून, १८वर, २१वर, मुद्दाम जितका लावता येईल तितका जोर लावला. एकदाही उडाली नाही. म्हणजे कॅसेटच! मनावरचं ओझं उतरलं.

मग आता चेनरिंग राहू द्यायची ना? आणि २८ऐवजी ३२ किंवा ३४ घेतली तर चालेल का?

प्रतिसाद (वाई)

चेनरिंगवर एका वेळी बरेच जास्त दाते भार घेतात, त्यामुळे ती कॅसेटपेक्षा खूप सावकाश झिजते. नव्या कॅसेटवर चेन शांत चालली तर चेनरिंगला हात लावू नका.

मोठ्या कॅसेटबद्दल माझं मत स्पष्ट आहे, घ्या. पसरणीचा चढ फार उभा नाही, पण लांब आहे, आणि तुम्ही त्यानंतर महाबळेश्वर गाठून घरीही येणार आहात. ताशी ८ किलोमीटर वेगाने चढताना ३४-२८वर पेडलच्या मिनिटाला ५२ फेऱ्या पडतात. ३४-३२वर ६०, ३४-३४वर ६३. बावन्न फेऱ्यांनी तासभर रेटलं की गुडघे बोलायला लागतात. साठीच्या पुढे श्वास लागतो पण पाय टिकतात. मी स्वतः ३२वर आलो तेव्हापासून पाचगणीच्या टेबललँडला पोचल्यावर पुढे जायची इच्छा शिल्लक असते.

मात्र आधी डिरेलरच्या आतल्या बाजूला कोरलेला नंबर वाचा. सोरा आर३००० असेल आणि पुढे एसएस असेल तर तो आखूड पिंजऱ्याचा (दोन छोटी चाकं धरणारा भाग आखूड), त्याची मर्यादा ३० दात्यांची. जीएस असेल तर ३४पर्यंत चालतो. एसएसवर काही जण ३२ बसवतात, पण मी तसा सल्ला देणार नाही.

धागाकर्ती

टॉर्च लावून वाचलं, जीएस आहे. ११-३२ मागवते. त्यात ११, १२, १४, १६, १८, २१, २४, २८, ३२ आहेत, म्हणजे माझ्या सवयीच्या चक्र्या तशाच राहतील आणि वर एक मिळेल. ११-३४ मध्ये मधली अंतरं जास्त वाटली.

प्रतिसाद (कराड)

निवड चांगली आहे. पण एक गोष्ट कॅसेट बसवायच्या आधीच बघा, नाहीतर महागात पडेल. तुमची नवी चेन २८च्या हिशेबाने कापलेली आहे. ३२ला ती आखूड पडू शकते. आखूड चेनवर चुकून पुढे ५० आणि मागे ३२ असा गिअर पडला तर डिरेलर ताणला जाऊन हँगरसकट तुटतो, आणि घाटात तुटला तर घरी यायचं टेम्पोने.

चेन डिरेलरमधून न घेता नुसती ५० आणि ३२भोवती गुंडाळा. दोन टोकं जिथे जुळतात त्याच्यापुढे दोन लिंक जास्त हव्यात. कमी पडत असतील तर दुकानात कापलेला तुकडा मागा. चेन पाकिटात ११४ किंवा ११६ लिंकची येते, तुकडा त्यांच्याकडे असू शकतो. त्यातल्या दोन लिंक आणखी एक क्विक लिंक वापरून जोडता येतात.

कॅसेट दुकानातच बसवून घ्या. कॅसेट जागेवर धरणाऱ्या लॉकरिंगवर ४० न्यूटन मीटर छापलेलं असतं. तेवढी घट्ट करायला लांब पाना लागतो.

धागाकर्ती

कॅसेट बसली. चेन खरंच आखूड निघाली. तुकडा दुकानात जपून ठेवलेला होता, त्यांनी आनंदाने दिला आणि समोरच जोडून दिला. माझं टेपवरचं मोजमाप दाखवलं तर मेकॅनिक दादांनी स्वतः दुकानातल्या आणखी एका सायकलची चेन तसं मोजून बघितली.

आज सकाळी समर्थ मंदिरापासून वरपर्यंत गेले, बसून, उभं राहून, सगळ्या चक्र्यांवर. चेन जागची हलली नाही. कास पठारापर्यंत जाऊन आले. ३२वर बसल्या बसल्या चढता येतं, याचा आनंद शब्दांत सांगता येत नाही. तुम्हा सगळ्यांमुळे झालं.

एकच शंका. अगदी ३२वर गेल्यावर डिरेलरकडून बारीक घरघर येते, २८वर आली की बंद. हे धोक्याचं आहे का?

प्रतिसाद (सांगली)

नाही ताई, धोका नाही. चक्री मोठी झाल्यामुळे डिरेलरचं वरचं छोटं चाक तिच्या दात्यांना जवळजवळ टेकतंय. डिरेलर हँगरला जिथे जोडलाय तिथे मागे एक छोटा स्क्रू असतो, बी-स्क्रू. चेन पुढे ३४, मागे ३२वर ठेवा, पेडल उलटं फिरवत स्क्रू पाव-पाव फेरी घट्ट करत जा. छोटं चाक आणि चक्रीच्या मधे ५-६ मिलिमीटर मोकळी जागा दिसली की थांबा. त्याहून जास्त घट्ट केलात तर गिअर बदलायला आळशी होतात. झालं की एकदा सगळे गिअर वरखाली करून बघा आणि पसरणीला निघा. वाईच्या दादांना आधी कळवून ठेवा, घाटाच्या पायथ्याशी पाण्याच्या बाटल्या भरून घेता येतील.