मदत हवी आहे : 'थ्रोअर'ला मराठीत काय लिहू?

क्रीडाविषयक इंग्रजी मजकूर मराठीत आणतेय आणि 'थ्रोअर' या नामापाशी गाडी अडलीय. शब्दकोशात 'फेकणारा' मिळतं, त्याने भागत नाही.

भालाफेकपटू, थाळीफेकपटू हे रुळलेले आहेत, तिथे प्रश्न नाही. अडतं ते नुसतं 'थ्रोअर्स' असं एकत्र येतं तेव्हा. गोळा खांद्याजवळून ढकलायचा असतो, म्हणून त्या खेळाडूला इंग्रजीत 'शॉटपुटर' म्हणतात. तरी थ्रोअर्स म्हटलं की भाला, थाळी, हातोडा यांच्या जोडीला तोही त्यात धरतात. 'फेकपटू' लिहून पाहिलं, पण वाचताना 'फेकू'च आठवतो आणि सगळ्या परिच्छेदाचा विनोद होतो. 'फेकी प्रकारांतले खेळाडू' बरोबर आहे, पण दर ओळीत झेपत नाही.

क्रिकेटची भानगड वेगळी. क्षेत्ररक्षकाला 'गुड थ्रोअर' म्हटलं तर कौतुक. गोलंदाजाला 'थ्रोअर' म्हटलं तर चेंडू टाकताना कोपर 15 अंशांपेक्षा जास्त सरळ करतो, हा थेट आरोप. माझ्याकडच्या वाक्यात एका अष्टपैलू खेळाडूबद्दल फक्त 'अ नॅचरल थ्रोअर' एवढंच आहे, मागेपुढे गोलंदाजीचा उल्लेख नाही.

कुंभाराच्या चाकावर भांडी घडवणारा तो थ्रोअर किंवा 'फ्लेमथ्रोअर' इथे नकोत. मजकूर छापील आहे, तळटीप देता येणार नाही.

तर, चारही प्रकारांना सामावणारा सुटसुटीत मराठी शब्द कुणी वापरलाय का? आणि 'नॅचरल' जोडलं की आरोपाचा अर्थ उरतो, की ते निखळ कौतुकच धरायचं?