मदत हवी आहे: स्टॉल स्पीड कमी भरतोय, दोष इंजिनाचा की टॉर्क कन्व्हर्टरचा?

नमस्कार मंडळी. सोलापुरात ऑटोमॅटिक गाड्यांचं काम जाणणारं कुणी असेल तर सल्ला हवाय.

वडिलांची जुनी पेट्रोल ऑटोमॅटिक आहे. सिग्नलवरून सुटताना जडपणे उठते, तुळजापूरचा घाट चढताना दम खाते. गॅरेजमध्ये स्टॉल टेस्ट केली, म्हणजे गाडी गिअरमध्ये, ब्रेक पूर्ण दाबलेला आणि अ‍ॅक्सिलरेटरही पूर्ण दाबून इंजिन किती आरपीएमला अडतं (स्टॉल स्पीड) ते पाहिलं. मॅन्युअलमध्ये २,२०० आरपीएम दिलंय, काटा १,९५० च्या आसपास थांबला. मिस्त्री म्हणतात, टॉर्क कन्व्हर्टरच (इंजिनाचा जोर तेलातून गिअरबॉक्सला पोचवणारा भाग) बदला. खर्च मोठा आहे, आणि मला ते पटत नाहीये.

स्टॉलमध्ये कन्व्हर्टरचं टर्बाइन (गिअरबॉक्सकडचं चाक) थांबलेलं असतं आणि पंप (इंजिनाकडचं चाक) फिरवायला लागणारा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे कन्व्हर्टर तोच असेल तर स्टॉल स्पीड इंजिनाच्या टॉर्कच्या वर्गमुळाप्रमाणे बदलणार. टॉर्क १९ टक्के घटला तरी आरपीएम १० टक्केच घटतो, २,२०० चे १,९८०. आमचा आकडा याच्याच जवळ आहे. स्टेटरचा (या दोन चाकांमधल्या, तेलाची दिशा वळवणाऱ्या चाकाचा) वन-वे क्लच, म्हणजे त्याला एकाच दिशेने फिरू देणारा भाग, निसटत असता तर तो याहून बराच खाली गेला असता ना? शिवाय मग वेग धरल्यावर गाडी नीट पळायला हवी होती. आमची पुणे रोडला ओव्हरटेक करतानाही मागेच पडते.

म्हणून आधी इंजिनाचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब), फ्युएल प्रेशर आणि सायलेन्सरच्या बाजूला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) तुंबलाय का, हे बघावं असं वाटतं. की गिअर ऑइल तापलेलं नसताना टेस्ट केल्यानेही एवढा फरक पडतो? पुन्हा करायची तर पाच सेकंदांच्या आत ब्रेक दाबून करणारा, जाणता माणूस सोलापुरात कुठे भेटेल?