लेसरडिस्क: एकाच डिस्कच्या दोन प्रती, फरक डिस्कचा की प्लेअरचा? (मदत हवी आहे)

चकतीवेडा:
टीव्हीचं चित्र जुळवायच्या एका एनटीएससी (अमेरिका-जपानची जुनी टीव्ही पद्धत) कॅलिब्रेशन लेसरडिस्कच्या (डीव्हीडीआधीची मोठी व्हिडिओ चकती) दोन प्रती आहेत, एक जपानी, एक अमेरिकन. दोन्ही सीएव्ही (सतत एकाच गतीने फिरणाऱ्या). जपानी प्रतीत चित्र जरा काळवंडलेलं वाटतं. अमेरिकन प्रतीत करड्या पडद्यावर ठिपके लुकलुकतात. प्लेअर जपानी, टीव्हीला एस-व्हिडिओने (रंग आणि उजेड वेगवेगळे नेणारी वायर) जोडलाय. एकच प्रत ठेवायचीय. कोणती ठेवू? जाणकारांनी सांगावं.

तबकडी:
काळवंडलेपणावरून निकाल देऊ नका. एनटीएससीत काळ्याची पातळी अमेरिकेत ७.५ आयआरई (सिग्नलच्या पातळीचं एकक), जपानमध्ये ०. प्रत्येक प्रतीला प्लूज पट्ट्या (काळ्याच्या आसपासच्या छटांचा चाचणी-नमुना) लावून ब्राइटनेस वेगळा जुळवा, मगच तुलना.

एस-व्हिडिओ काढा. लेसरडिस्कवर सिग्नल कंपोझिटच (रंग-उजेड एकत्र) असतो. एस-व्हिडिओने जोडलं की प्लेअरचा कोंब फिल्टर (रंग-उजेड वेगळे करणारा भाग) मधे येतो. टीव्हीत थ्रीडी कोंब (लागोपाठच्या फ्रेम ताडून हेच काम करणारा) असेल तर पिवळी (कंपोझिट) वायरच बरी. नॉइज (चित्रातली खरखर) रिडक्शन बंद.

ठिपक्यांसाठी: प्लेअरची डिजिटल मेमरी (फ्रेम साठवून दाखवणारी) बंद करून एक फ्रेम स्थिर ठेवा. सीएव्हीत एका फेऱ्यात एक फ्रेम, म्हणजे लेसर तोच ट्रॅक सेकंदाला ३० वेळा वाचतो. ठिपका जागचा हलत नसेल तर दोष डिस्कवर; दर क्षणी जागा बदलत असेल तर तो नॉइज, मग प्लेअर तपासा. मेमरी चालू राहिली तर नॉइजही गोठतो आणि परीक्षा फुकट जाते (इथेच बहुतेक जण फसतात).

आरएफवाला:
भर घालतो. दोन्ही प्रतींत फ्रेम क्रमांक तोच घ्या. सीएव्ही १८०० आरपीएमवर फिरते, त्यामुळे आतल्या ट्रॅकचा रेषीय वेग बाहेरच्याच्या निम्म्याहूनही कमी आणि नॉइज जास्त. फ्रेम १,००० ची तुलना ५०,००० शी केलीत तर चांगली प्रतही नापास होईल. उलट डिस्क वाकलेली असेल तर त्रास बाहेरच्या कडेला. म्हणून दोन्हीकडच्या फ्रेम बघा, आधी प्लेअर वीसेक मिनिटं तापू द्या.

आकडेच हवे असतील तर डोमेसडे डुप्लिकेटर या उपकरणाने आरएफ (लेसरने वाचलेला कच्चा सिग्नल) पकडून एलडी-डीकोड या सॉफ्टवेअरमधून काढा. ड्रॉपआउट (सिग्नल तुटलेल्या जागा) आणि सिग्नल-नॉइज गुणोत्तर दोन्ही मिळतं.

चकतीवेडा:
मेमरी बंद केली. ठिपके जागचे जागी. आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसू का?

तबकडी:
नको. डिस्क अ‍ॅक्रिलिकची; अल्कोहोलने बारीक तडे जाऊ शकतात. डिस्टिल्ड वॉटर, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मायक्रोफायबर. मधून कडेकडे सरळ पुसा, गोल नाही. तरी ठिपके राहिले तर बहुधा लेसर रॉट (डिस्कच्या आतला चकाकता थर खराब होणं). मग जपानी प्रत ठेवा.