मदत हवी आहे: बिचिरसोबत कोणते मासे ठेवू?

मंडळी, टाकी चार बाय दीड बाय दीड फुटांची, साधारण २५० लिटरची. खाली बारीक वाळू, वर घट्ट झाकण. बिचिर हा लांबट शिकारी मासा हवा घ्यायला वर येतो आणि फट सापडली की थेट फरशीवर! दोन सेनेगल बिचिर घ्यायचेत. दुकानदार एंडलिचेरी (बिचिरचीच मोठी जात) गळ्यात मारतोय, पण तो दोन फुटांपर्यंत वाढतो, इथे नकोच. निऑन, गप्पीसारखे छोटे मासे रात्रीत फस्त होतील, तेही नकोत. मग सिल्व्हर डॉलर घेऊ की मोठे काँगो टेट्रा? सकर (काचेवरचं शेवाळ खाणारा मासा) बिचिरच्या अंगाला चिकटतो म्हणतात, कुणाला अनुभव? आणि बिचिर वास घेत घेत सावकाश खाणार, तोवर बाकीचे सगळं पळवणार. तुम्ही दिवा बंद करून कोळंबी टाकता का?