वीज कामगारांच्या युनियनचं पत्र: मंडळानं काय उत्तर द्यायचं?

प्रेषक: कार्यवाह

सप्रेम नमस्कार मंडळी,

शिकागोजवळच्या आपल्या काउंटीतल्या इलेक्ट्रिशियन युनियनच्या लोकलकडून, म्हणजे स्थानिक शाखेकडून, आपल्या मराठी मंडळाला पत्र आलं आहे. थंडी सुरू व्हायच्या आत त्यांचे सभासद ज्येष्ठ नागरिकांच्या घरी जाऊन स्मोक अलार्म आणि कार्बन मोनॉक्साइड अलार्म विनामूल्य तपासणार आहेत, गरज असेल तिथे बदलूनही देणार आहेत. आपल्या सभासदांकडे आई-वडील राहायला असतात, अनोळखी माणसाशी इंग्रजीत बोलायला ते बिचकतात. म्हणून प्रत्येक गटासोबत एक मराठी बोलणारा स्वयंसेवक मिळेल का, असं त्यांनी विचारलं आहे.

दुसरी विनंती अशी, की गणेशोत्सवात हॉलबाहेरच्या जागेत अप्रेंटिसशिपची (काम करता करता इलेक्ट्रिशियन होण्याच्या प्रशिक्षणाची) माहिती देणारं एक टेबल लावू द्यावं.

पहिल्या गोष्टीला कार्यकारिणीत सगळ्यांचा होकार आहे. दुसरीवर एकमत झालं नाही. रविवारच्या बैठकीआधी आपापलं मत इथेच लिहावं.

प्रेषक: सभासद, नेपरव्हिल

अलार्मचं काम उत्तम, माझं नाव स्वयंसेवकांत घाला. टेबलाबद्दल मात्र माझा आक्षेप नोंदवतो. युनियन निवडणुकीत उमेदवारांना उघड पाठिंबा देतात. आपलं मंडळ ५०१(सी)(३), म्हणजे करमाफी असलेली धर्मादाय संस्था आहे, आपल्याला तसं काही करता येत नाही. उगाच अडचणीत कशाला पडा?

आणि दुसरं, स्पष्टच लिहितो. आपण सगळे इथवर आलो ते शिक्षणाच्या जोरावर. दहावी-अकरावीतल्या पोरांना ऐन सणाच्या दिवशी कोणी ‘कॉलेज राहू दे, वायरिंग शीक’ असं सांगावं हे मनाला पटत नाही. कोणी राग मानू नये.

प्रेषक: सभासद, शॉमबर्ग

दादा, राग अजिबात नाही. माझी मुलगी याच अप्रेंटिसशिपच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे हा प्रश्न आमच्या घरात खूप चघळून झालाय. म्हणून जरा लांबलचक लिहिते.

शिक्षण सुटतं का, हे आधी. इनसाइड वायरमनचा, म्हणजे इमारतींच्या आतलं वायरिंग करणाऱ्याचा, कार्यक्रम पाच वर्षांचा असतो. त्यात साधारण ८००० तास प्रत्यक्ष कामावर, पगार घेऊन, आणि त्याशिवाय शेकडो तास वर्गात. आत शिरायलाच परीक्षा आहे: बीजगणिताचे ३३ प्रश्न ४६ मिनिटांत, वाचन-आकलनाचे ३६ प्रश्न ५१ मिनिटांत, आणि मग मुलाखत. मुलाखतीच्या गुणांवर यादी लागते, नंबर लागेपर्यंत थांबावं लागतं. कॉलेजात जमलं नाही म्हणून सहज इकडे वळलो, असं इथे होत नाही.

शिकागोत तर आणखी एक गोष्ट आहे. इथल्या नियमांनुसार घरांतसुद्धा तारा धातूच्या पाइपातून न्याव्या लागतात. देशात इतरत्र बहुतेक घरांमध्ये प्लास्टिकच्या आवरणाची केबल भिंतीत सोडतात, इथे ते चालत नाही. म्हणून इथली मुलं पहिल्या वर्षापासून पाइप वाकवायला शिकतात. आमच्या गॅरेजमध्ये माझी मुलगी सराव करत होती. अर्धा इंची पाइप घेतला, शेवटाचं टोक बारा इंच उभं यायला हवं होतं, तर तिनं खूण केली सात इंचांवर. मी विचारलं, बारावर का नाही? म्हणाली, या मापाचा बेंडर, म्हणजे पाइप वाकवायचं अवजार, वळणात पाच इंच खातो, ते आधीच वजा करायचे. मग मध्ये तुळई आलीये असं धरून पाइप तीन इंच उचलायचा होता. ३० अंशांत वाकवला तर दोन खुणांमध्ये सहा इंच, ४५ अंशांत वाकवला तर सव्वाचार. तिचे बाबा सॉफ्टवेअरवाले, बाजूला उभे होते. म्हणाले, अगं, हा तर त्रिकोणमितीतला कोसेक! तिनं मान डोलावली आणि पाइप पायाखाली घेतला. दोन्ही वळणं एका पातळीत यायला हवीत, थोडं जरी फिरलं तरी पाइप भिंतीला बसत नाही, भंगारात जातो. गणित चुकलं की डोळ्यांसमोर दिसतं. असं गणित मी तरी कुठल्या वर्गात पाहिलं नव्हतं.

पैशांचंही लिहिते, कारण आई-बाप विचारतातच. सुरुवातीचा पगार जर्नीमनच्या (प्रशिक्षण पूर्ण केलेल्या कारागिराच्या) दराच्या काही टक्के असतो आणि टप्प्याटप्प्यानं वाढतो. आरोग्य विमा आहे, पेन्शन आहे. पाच वर्षांनी हातात कार्ड येतं तेव्हा डोक्यावर शिक्षणाचं कर्ज नसतं. त्यातून पुढे कोणाला इंजिनिअरिंग करायचं असेल तर दार बंद होत नाही. तिच्या वर्गात पदवी घेऊन मग इकडे आलेलीही मुलं आहेत. मुली अजून मोजक्याच, याचं मला वाईट वाटतं, आणि टेबल लागावं असं वाटण्याचं ते एक मोठं कारण आहे. आपल्या मुलींना हा रस्ता कोणी दाखवतच नाही.

आता युनियनबद्दल. आयबीईडब्ल्यू ही वीज कामगारांची मूळ युनियन, आपली लोकल तिचीच शाखा. तिची स्थापना १८९१ साली सेंट लुईसमध्ये झाली, दहा प्रतिनिधी जमले होते. त्या काळी खांबावर चढणारी माणसं इतकी मरत की विमा कंपन्या त्यांना दारात उभं करत नसत. पहिले अध्यक्ष हेन्री मिलर स्वतः लाइनमन होते. १८९६ साली वॉशिंग्टनमध्ये खांबावर काम करताना त्यांना शॉक बसला, ते खाली पडले आणि गेले. माझ्या मुलीला शिकवलेला एक नियम मला या इतिहासाशी जोडलेला वाटतो. सर्किट बंद केल्यावर प्रत्येक कामगार ब्रेकरवर स्वतःचं कुलूप लावतो आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतो, फोरमनच्या नाही. मग मीटर आधी एखाद्या चालू ठिकाणी लावून पाहायचा, मग बंद केलेल्या सर्किटवर, मग पुन्हा चालू ठिकाणी, म्हणजे मधल्या मध्ये मीटरच बिघडला नाही ना याची खात्री होते. असे नियम कोणी आपण होऊन दिलेले नाहीत, माणसं एकत्र आली म्हणून मिळाले. आई म्हणून मला रात्री झोप लागते ती यामुळे.

१० ऑगस्ट २०२० चं वादळ आठवतं ना? आयोवातून आलेलं, दुपारी आपल्याकडे पोचलेलं. लाखो घरांची वीज गेली, करोनाचे दिवस, सगळ्यांचं काम घरून. तेव्हा बकेट ट्रकमध्ये चढलेली माणसं कोण होती? कॉमएड या आपल्या वीज कंपनीचे लाइनमन याच युनियनच्या लोकल १५ चे सभासद आहेत. आपण त्यांना पाण्याच्या बाटल्या नेऊन दिल्या होत्या. त्यांच्या जागी आपलं मूल असू शकतं, हा विचारही करून बघू या, एवढंच माझं म्हणणं.

प्रेषक: ज्येष्ठ सभासद, ऑरोरा

ताई, फार छान लिहिलंत. मी वीज मंडळात तीस वर्षं नोकरी केली, आता मुलाकडे असतो. चर्चेचा पहिला भाग मागे पडू नये म्हणून लिहितो.

आपल्या घरांत स्मोक अलार्मची काय अवस्था असते, ते मी बघतो. फोडणी दिली की तो कोकलतो, म्हणून त्यावर शॉवर कॅप चढवलेली. बॅटरी संपत आली की मिनिटाला एकदा टिक्‌ करतो, म्हणून कोणीतरी बॅटरीच काढून ठेवलेली. घरातली तरुण मंडळी दिवसभर कामावर, आम्ही म्हातारे गॅसपाशी. अलार्मची वयोमर्यादा दहा वर्षांची असते, तारीख मागच्या बाजूला छापलेली असते, ती वाचायला अलार्म छतावरून उतरवावा लागतो. माझ्या वयाच्या माणसानं त्यासाठी शिडीवर चढू नये.

इलिनॉयमध्ये २०२३ पासून नियमही बदललाय. बॅटरी बदलायचा जुना अलार्म निकामी झाला की त्याजागी दहा वर्षांची सीलबंद बॅटरी असलेला लावायचा. घराच्या वायरिंगला जोडलेले अलार्म असतील तर हा नियम लागू नाही, पण दहा वर्षांची मुदत त्यांनाही आहे. आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म प्रत्येक झोपायच्या खोलीपासून पंधरा फुटांच्या आत हवा. या वायूला वास नाही, रंग नाही. घर तापवणारा फर्नेस बिघडला आणि सगळी दारं-खिडक्या बंद असल्या तर झोपेतच माणूस जातो. भारतात आम्ही घर असं बंद करून कधी राहिलोच नाही, त्यामुळे हे नव्यानं आलेल्या आई-वडिलांना माहीत असण्याचं कारण नाही. ते त्यांना मराठीत सांगणारं माणूस सोबत हवंच.

जाता जाता गणपतीच्या सजावटीचंही त्यांना विचारा. एका एक्स्टेन्शनला दुसरं, दुसऱ्याला तिसरं, वर फोकस लाइट आणि कॉफीचा मोठा पर्कोलेटर एकाच सॉकेटवर. १२० व्होल्टच्या १५ अँपिअर सर्किटवर सगळं मिळून १८०० वॉट, सतत चालणाऱ्या गोष्टींसाठी १४४० च. एकटा पर्कोलेटरच त्यातले बरेचसे घेतो. मागच्या वर्षी आरतीच्या मध्येच अंधार झाला त्याचं कारण हेच होतं.

प्रेषक: सभासद, नेपरव्हिल

ताई, काका, दोघांची पत्रं घरी मोठ्यानं वाचून दाखवली. माझा मुलगा अकरावीत आहे. कोसेकचं वाचून म्हणाला, बाबा, मला तो बेंडर बघायचाय. टेबलाला माझी हरकत राहिली नाही. एकच अट: निवडणुकीचं कुठलंही पत्रक, बिल्ला, स्टिकर टेबलावर नको. आणि मुलांशी बोलायला तुमची मुलगी आली तर बरं. साहेबांच्या भाषणापेक्षा मुलं तिचं ऐकतील.

प्रेषक: कार्यवाह

धन्यवाद मंडळी. बैठकीत ठरलं ते असं.

टेबल लागेल. उमेदवारांचा प्रचार आपल्या संस्थेला कायद्यानं करता येत नाही, शिक्षणाची आणि नोकरीची माहिती देण्यावर बंधन नाही. लोकलनं ही अट लगेच मान्य केली आहे. शॉमबर्गच्या ताईंची मुलगी आणि तिचे दोन सहकारी बेंडर आणि पाइप घेऊन येतील, मुलांना वाकवून बघता येईल. सुरक्षा चष्मा त्यांच्याकडून.

ज्यांच्याकडे आई-वडील, सासू-सासरे राहतात त्यांनी या मेलला उत्तर देऊन गाव, घर कोणत्या दशकात बांधलेलं आहे आणि घरी कोणत्या वेळी कोण असतं एवढं कळवावं. पत्ते लिस्टवर टाकू नयेत, मला वेगळे पाठवा. ज्येष्ठांना आधी फोन करून कोण येणार, कशासाठी येणार हे सांगण्याचं काम काका आणि त्यांचा सकाळचा फिरण्याचा गट करेल. दार उघडण्याआधी ओळखपत्र बघायचं हेही ते सांगतील.

स्वयंसेवक अजून कमी आहेत, विशेषतः ऑरोरा आणि बोलिंगब्रुकच्या बाजूला. गाडी असलेल्यांनी कृपया नावं द्या. आणि सजावट समिती, काकांचा वॉटचा हिशेब वाचलात ना? हॉलच्या पॅनेलवर कोणता सॉकेट कोणत्या सर्किटवर आहे ते लोकलचा एक जर्नीमन गणपतीच्या आदल्या शुक्रवारी येऊन लिहून देणार आहे. तुमच्यापैकी दोघांनी तेव्हा हॉलवर हजर राहा, पर्कोलेटर बरोबर आणा.